ऑफिस सॉफ्टवेअर वापरायला सोपे व्हावे म्हणून नेमके काय बदलायला हवे?

निळी शाई | सोमवार, सकाळी १०:४२

मंडळी, नमस्कार.

आमच्या कार्यालयात लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर घ्यायचे की मायक्रोसॉफ्ट ऑफिसच पुढे चालवायचे यावर सध्या बैठका चालू आहेत, आणि प्रत्येक बैठक फिरून एकाच ठिकाणी येते: दिसायला कुठले बरे? रिबन (वरची टॅब आणि बटनांची रुंद पट्टी) की जुने मेनू? मी आस्थापना आणि लेखा शाखेतल्या लोकांना ही सॉफ्टवेअर शिकवते. मला वाटते आपण प्रश्नच चुकीच्या टोकाने धरला आहे. रंगरूपामुळे कुणाचे काम थांबत नाही. मी हे बटन दाबले तर सॉफ्टवेअर काय करेल, याचा अंदाज जिथे लागत नाही तिथे माणूस थांबतो. म्हणून हा धागा काढते आहे.

थोडा इतिहास सांगते, कारण आज जे वाद होतात ते सगळे एकदा होऊन गेलेले आहेत. वर्डच्या पहिल्या आवृत्तीत साधारण शंभर आज्ञा होत्या. वर्ड २००३ येईपर्यंत त्या दीड हजारांवर गेल्या आणि टूलबार झाले ३१. मध्ये ऑफिस २००० मध्ये एक उपाय करून पाहिला गेला. तुम्ही जे वापरत नाही ते मेनूतून आपोआप लपवायचे, आणि खालच्या दुहेरी बाणावर दाबले की उरलेले दाखवायचे. जुन्या लोकांना आठवत असेल. आपण फोनवर ‘वरून चौथे’ सांगायचो आणि समोरच्याच्या पडद्यावर चौथ्या जागी भलतेच असायचे. ज्याची जागा रोज बदलते ते हाताला कधीच सरावाचे होत नाही. २००७ मध्ये ते मेनूच गेले.

२००७ मध्ये रिबन आले. त्याआधी मायक्रोसॉफ्टने, वापरणाऱ्यांच्या संमतीने, कोणती आज्ञा किती वेळा दिली जाते याच्या नोंदी गोळा केल्या होत्या. वर्ड २००३ मध्ये दिलेल्या एकूण आज्ञांपैकी ११ टक्क्यांहून जास्त एकट्या ‘पेस्ट’च्या निघाल्या. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचांचा मिळून वाटा ३२ टक्के. रिबनवर डावीकडे पहिलेच आणि सगळ्यात मोठे बटन पेस्टचे का आहे, ते यावरून कळते. काम अभ्यासपूर्वक केले होते, त्याबद्दल मला आदरच आहे.

पण या मोजणीत एक गोष्ट कधीच येत नाही: माणसाने शोधली, सापडली नाही, आणि सोडून दिली ती. तिच्यावर कुणी क्लिकच केलेले नसते.

एक उदाहरण देते, कारण हे मी सारखे पाहते. वार्षिक अहवाल आहे. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेला पान क्रमांक नको, तिसऱ्या पानापासून १ हवा. मागणी अगदी साधी, प्रत्येक कार्यालयातली. वर्डमध्ये त्यासाठी आधी ‘लेआउट’मध्ये जाऊन सेक्शन ब्रेक, म्हणजे फाइलचे वेगळे भाग पाडणारी खूण, टाकायचा. मग पानाच्या तळाशी, फूटरच्या पट्टीत डबल क्लिक करून ‘लिंक टु प्रीव्हियस’ बंद करायचे. मग पान क्रमांकाच्या स्वरूपात जाऊन १ पासून सुरुवात सांगायची. तीन पायऱ्या, तीन वेगळ्या जागा, आणि मधली पायरी राहिली तर मुखपृष्ठाचा क्रमांक काढताना सगळ्याच पानांचे क्रमांक उडतात. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये (त्यांचा वर्ड) हेच काम ‘मॅन्युअल ब्रेक’च्या एका खिडकीत होते, पण त्यासाठी ‘पेज स्टाइल’ म्हणजे काय हे आधी ठाऊक हवे. ते कुठे लिहिलेले नाही. लोक काय करतात? दोन फाइली करतात, वेगवेगळ्या छापतात आणि टाचणी लावतात. किंवा क्रमांक पेनाने घालतात. हुशार, वीस-वीस वर्षे काम केलेली माणसे आहेत ही.

तर माझा प्रश्न: तुमच्या रोजच्या कामात सॉफ्टवेअर नेमके कुठे अडवते? ‘रिबन वाईट’ किंवा ‘मेनू जुनाट’ एवढे नको. काम कोणते, हात कुठे गेला, आणि मग काय झाले, असे लिहा. त्यातून निर्मात्यांना कळवण्याजोगे काही निघाले तर आपण कळवू.

रोजकीर्द | सोमवार, सकाळी ११:३०

ताई, धागा काढलात फार बरे झाले. मी लेखापाल, दिवसभर एक्सेल.

पहिला त्रास: बिल क्रमांक १०/१२ टाइप केला की त्याची तारीख होते. १० डिसेंबर. अनडू करावे तर नोंदच जाते, जुना मजकूर परत येत नाही. सेल आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवला तरच वाचतो.

दुसरा: बँक खात्याच्या क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळते. आधार क्रमांक १२ आकडी, तो साध्या सेलमध्ये टाकला की १.२३ई+११ अशा थाटात दिसतो. हे निदान दिसते तरी. खरी भीती १५ आकड्यांपुढची आहे. एक्सेल १५ आकडेच नेमके धरते, पुढच्यांचे शून्य करते. सोळा आकडी क्रमांक टाकला तर शेवटचा आकडा गेला, कसलाही इशारा नाही, आणि फाइल सेव्ह झाली की मूळ आकडा कायमचा गेला.

हे फक्त आपल्याकडचे नाही. जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीला याच कारणाने जनुकांची नावे बदलावी लागली. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ अशा नावांच्या एक्सेलमध्ये तारखा होत होत्या. २०२० मध्ये त्यांचे ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्टिन१’ झाले. शास्त्रज्ञांना नावे बदलणे सोपे गेले, सॉफ्टवेअर बदलून घेणे नाही! नंतर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑप्शन्सच्या ‘डेटा’ भागात हे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय दिली. शून्य गळणे आणि लांब आकडे त्यात थांबतात. पण तारखेची सोय अक्षरे आणि आकडे सलग जोडलेल्या मजकुराची आहे, त्यामुळे माझे १०/१२ अजूनही डिसेंबरातच जाते.

मागणी एकच. बदल करायचाच असेल तर त्या सेलपाशी छोटी खूण दाखवा: ‘तारीख केली आहे, मूळ मजकूर हवा का?’ आणि मूळ मजकूर फेकू नका.

सीप्लस | सोमवार, दुपारी १२:१५

+१ मूळ मजकूर जपण्याला.

रोजकीर्द, लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (त्यांचे एक्सेल) तुमच्या १०/१२ वर इलाज आहे. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्समध्ये तारीख ओळखण्याचे नमुने लिहिलेले असतात. त्यातला डी/एम हा नमुना काढून टाका. मग वर्षासकट लिहिलेली तारीखच तारीख मानली जाते, १०/१२ तसेच राहते. इतकी कामाची गोष्ट इतक्या खोल ठेवली आहे, हेही ताईंच्या मुद्द्यातच बसते.

लाख-कोटीचे स्वल्पविराम हा आणखी एक विषय. एक्सेल ते विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमधून घेते. माझ्या संगणकावर १२,३४,५६७ दिसणारा आकडा तीच फाइल दुसरीकडे उघडली की १,२३४,५६७ दिसू शकतो. कॅल्कमध्ये सेलच्या स्वरूपातच भाषा ‘इंग्रजी (भारत)’ ठेवली तर स्वल्पविराम फाइलबरोबर जातात. माझ्या मते तेच बरोबर. आकडा कसा वाचायचा हे कागदाचे काम आहे, संगणकाचे नव्हे.

शाळामास्तर | सोमवार, दुपारी ३:०५

मला थोडे वेगळे वाटते. इंटरफेस बदलत बसण्यापेक्षा प्रशिक्षण द्या. आपल्याकडे एमएस-सीआयटीमुळे लाखो लोक संगणकावर बसायला शिकले, ही काही लहान गोष्ट नाही. शिकलेला माणूस कुठल्याही सॉफ्टवेअरवर काम करतो. दर दोन वर्षांनी चेहरा बदलला तर शिकवलेले वाया जाते.

निळी शाई | सोमवार, दुपारी ३:४०

सर, तुमचे शेवटचे वाक्य माझ्याच बाजूचे आहे. प्रशिक्षणात आपण बहुतेक वेळा जागा शिकवतो: फाइल, मग खाली, मग तिसरे. २००७ चे रिबन आले तेव्हा त्या सगळ्या जागा गेल्या, आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेले लोक पुन्हा पाटी घेऊन बसले. त्यांच्यात काही कमी नव्हते.

आणि पान क्रमांकासारखी गोष्ट दर तुकडीला नव्याने शिकवावी लागते. जे दर वेळी शिकवावे लागते आणि दर वेळी विसरले जाते, ते शिकणाऱ्याच्या डोक्यात बसत नाही कारण ते सॉफ्टवेअरमध्येच नीट बसवलेले नाही. प्रशिक्षण हवेच. पण प्रशिक्षणाने झाकलेली त्रुटी त्रुटीच राहते.

पांढरी काठी | सोमवार, रात्री ८:२०

मी दृष्टिहीन आहे, बँकेत काम करतो. एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरतो, तो मोफत आहे आणि चांगला आहे. इथे सगळे ‘दिसणे’ या अंगाने बोलत आहेत, म्हणून माझी बाजू मांडतो.

तुमच्या लक्षात जागा राहते, माझ्या लक्षात क्रम राहतो. जुना मेनू मला ऐकायला सोपा होता: ऑल्ट दाबा, खालच्या बाणाने एकेक ओळ ऐका, शेवटी ‘एंटर’. रिबन सुरुवातीला अवघड गेले, कारण त्यात आडवे, उभे, गटात गट असे सगळे आहे. पण मायक्रोसॉफ्टने दोन गोष्टी फार चांगल्या केल्या. ऑल्ट दाबला की प्रत्येक बटनाला अक्षर मिळते, त्यामुळे रिबनवर न फिरता थेट पोचता येते. दुसरे म्हणजे एक्सेलने जुन्या मेनूचे क्रम मोडले नाहीत. ऑल्ट, ई, एस, व्ही या क्रमाने फक्त किमती पेस्ट करायची सवय २००३ ची, ‘एडिट’ मेनू जाऊन जमाना झाला, तरी तो क्रम आजही चालतो. ऑल्ट आणि ई दाबले की ‘आधीच्या आवृत्तीतला क्रम पुढे टाइप करा’ असा संदेशही येतो. ज्याने हे टिकवले त्याने माझ्यासारख्या हजारोंची रोजीरोटी सांभाळली आहे.

लिब्रेऑफिसमध्ये मी जुनी मेनूपट्टीच वापरतो. टॅबवाली मांडणी पडदावाचकावर मला तितकी भरवशाची वाटली नाही.

खरा छळ वेगळाच आहे. आता बरीच कामे ब्राउझरमधल्या कार्यालयीन प्रणालींवर होतात. तिथे चित्रांची बटने असतात आणि त्यांना नावच दिलेले नसते. मला ऐकू येते: ‘बटन. बटन. बटन. बटन.’ यातले मंजूर कोणते आणि परत पाठवा कोणते? शेजारच्या सहकाऱ्याला विचारावे लागते. ज्या कागदावर माझ्या सहीची जबाबदारी आहे, तो मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी मंजूर करतो. बटनाला नाव देणे हे एका ओळीचे काम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आहे, म्हणजे ही मेहरबानी मागत नाही मी.

निळी शाई | सोमवार, रात्री ९:०५

दादा, हा प्रतिसाद मी उद्याच्या बैठकीत, तुमची हरकत नसेल तर, शब्दशः वाचून दाखवणार आहे. ‘जागा’ आणि ‘क्रम’ हा फरक आमच्या एकाही चर्चेत आला नव्हता.

पांढरी काठी | सोमवार, रात्री ९:१२

जरूर वाचा, ताई.

सातारकर | मंगळवार, सकाळी ९:५०

आमच्याकडचे लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चे. रिबन, वरची पट्टी, पट्टीखालची पट्टी, खालचा टास्कबार, सगळे वजा केले की पत्राच्या चार ओळी दिसतात. कंट्रोल+एफ१ ने रिबन मिटते हे मला कालपर्यंत माहीत नव्हते, सीप्लसनी दुसऱ्या धाग्यात लिहिले होते. पडदे आडवे रुंद झाले आणि साधने मात्र सगळी डोक्यावर. बाजूला ठेवा ना!

सीप्लस | मंगळवार, सकाळी १०:२०

लिब्रेऑफिसमध्ये बाजूची पट्टी ४.१ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. कंट्रोल+एफ५ ने उघडते-मिटते. स्टाइल्ससाठी एफ११. रुंद पडद्यावर मी वरचे टूलबार जवळपास सगळे काढून तीच वापरतो.

टॅबवाल्या मांडणीबद्दलही सांगतो. तिचे नाव ‘नोटबुकबार’. २०१७ च्या ५.३ मध्ये ती प्रायोगिक म्हणून आली, २०१९ च्या ६.२ मध्ये टॅबचे रूप पक्के झाले. आज ‘व्ह्यू’ मेनूतल्या ‘युजर इंटरफेस’मध्ये जाऊन कुणीही हवी ती मांडणी घेऊ शकतो. निवड आहे हे चांगले, पण दहा जणांच्या शाखेत चार मांडण्या झाल्या की फोनवर मदत करणे अशक्य होते. कार्यालयाने एक मांडणी ठरवावी आणि ज्याला गरज आहे त्याला, जसे वरचे दादा, दुसरीची मुभा असावी.

शोध हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. ७.२ पासून शिफ्ट+एस्केप दाबले की आज्ञा शोधायची चौकट उघडते. वर्डमध्ये ऑल्ट+क्यू, ऑफिस २०१६ पासून. दोन अक्षरे टाइप करा, आज्ञा समोर.

निळी शाई | मंगळवार, दुपारी १:३०

शोध उत्तम, मी तो पहिल्याच दिवशी शिकवते. अडचण अशी की माणूस कामाच्या नावाने शोधतो आणि आज्ञा यंत्राच्या नावाने ठेवलेली असते. ‘पहिल्या पानावर नंबर नको’ म्हणणाऱ्याला ‘सेक्शन ब्रेक’ कसा सुचणार?

आता माझा सगळ्यात जुना सल. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हा भेटतो आणि बहुतेकांना वाटते की आपल्याच संगणकात काहीतरी बिघाड आहे.

वर्ड असो वा रायटर, आत प्रत्येक अक्षराच्या आकाराच्या दोन नोंदी असतात, एक रोमन लिपीसाठी, एक देवनागरीसारख्या ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांसाठी. रायटरमध्ये परिच्छेदाची स्टाइल (फाँट, आकार वगैरेंचा साठवलेला नमुना) उघडा, फाँटचा टॅब बघा, वर एक चौकट, खाली दुसरी. वर्डच्या फाँट खिडकीतही तेच, वेगळा फाँट, वेगळा आकार. आता लिपिकाने स्टाइलमध्ये जाऊन आकार १२ चा १४ केला. वरच्या चौकटीत केला, कारण तीच आधी दिसते. ठीक दाबले. पत्रातला ‘सीआर/२०२४’ असा रोमन अक्षरांतला संदर्भ मोठा झाला आणि सगळा मराठी मजकूर १२ वरच राहिला. तो पुन्हा करतो, पुन्हा तेच. मग सगळे निवडून वरच्या टूलबारवरून १४ करतो. काम झाले असे वाटते. पण आता आकार स्टाइलमध्ये नसून अक्षरांवर चिकटला आहे, आणि पुढच्या वेळी शीर्षकाची स्टाइल बदलली की पत्राचा अर्धा भाग बदलतो आणि अर्धा हट्टाने तसाच राहतो. रायटरमध्ये तर कॉम्प्लेक्स लिपीचा पर्याय चालू नसेल तर ती खालची चौकट दिसतसुद्धा नाही!

दोन नोंदी असायला माझा विरोध नाही. दोन्ही लिप्यांना वेगळे फाँट लागतात, ते योग्यच. पण आकार, ठळकपणा, तिरकेपणा हे मुळात बांधलेले असावेत, मध्ये साखळीची खूण, आणि ज्याला वेगळे हवे त्याने साखळी सोडावी. चित्राची लांबी-रुंदी बदलताना प्रमाण राखण्याची अशी सोय या सॉफ्टवेअरमध्ये आहेच. तीच इथे हवी.

टाइपरायटर | मंगळवार, दुपारी २:१५

अहो, हे असे आहे होय! इतकी वर्षे मी संस्थेच्या संगणकवाल्याला दोष देत होतो. मंगल फाँटमध्ये ओळींमधले अंतर कमीजास्त होते तेही यामुळेच का?

निळी शाई | मंगळवार, दुपारी २:४०

काका, ते कारण शेजारचे आहे. मंगलची ओळ मुळातच उंच, वर-खाली मात्रांना जागा लागते. टाइम्स न्यू रोमनची बुटकी. फक्त रोमन असलेली ओळ आणि मराठी असलेली ओळ वेगळ्या उंचीच्या होतात. परिच्छेदाच्या अंतरात ‘एक्झॅक्टली’ किंवा ‘फिक्स्ड’ घेऊन ठरावीक पॉइंट द्या, १४ च्या अक्षराला २२ ते २४ देऊन बघा. उकार कापले जात नाहीत ना, तेवढे तपासा.

उत्तर समुद्र | मंगळवार, रात्री ११:१०

मी जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात राहते. इथल्या सरकारने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले की प्रशासनातले सुमारे ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर नेणार. त्यामुळे हा विषय इथल्या वर्तमानपत्रांतही असतो.

तुमच्या बैठकीसाठी मला म्युनिकचे उदाहरण जास्त उपयोगी वाटते. त्या शहराने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सवर जायचे ठरवले, सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये नगर परिषदेने विंडोजवर परतायचा निर्णय घेतला. परतण्यावर अजून वाद आहेत, त्यात शिरत नाही. पण मधल्या काळात त्यांनी ‘वोलमुक्स’ नावाची जोडणी लिहिली. पत्राचा मथळा, कार्यालयाचा पत्ता, पाठवणाऱ्याचे पद, फॉर्मचे रकाने हे सगळे ती भरून देते. लिपिकाने फक्त मजकूर लिहायचा. फाँटची खिडकी उघडायची वेळच येऊ नये, ही मला त्यातली खरी सुधारणा वाटते.

निळी शाई | बुधवार, सकाळी १०:१५

हे फारच पटले. आमच्याकडे लगेच करता येईल ते हेच: टिप्पणी, ज्ञापन, कार्यालयीन आदेश आणि वार्षिक अहवाल, चार टेम्पलेट. दोन्ही लिप्यांचे आकार आत आधीच जुळवलेले, अहवालात तिसऱ्या पानापासून क्रमांक तयार.

कालच्या बैठकीत दादांचा प्रतिसाद वाचला. नव्या प्रणालीच्या अटींमध्ये ‘पडदावाचकावर प्रत्येक बटनाचे नाव ऐकू आले पाहिजे’ ही अट घालायचे मान्य झाले. तपासणी पडदावाचक रोज वापरणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यायची, असाही मी आग्रह धरला आहे.

‘कुठले बरे’ हे बैठकीत बसून ठरवायचे नाही, हेही मान्य करून घेतले. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: पाच माणसांना काम करताना पाहिले तर वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी कळतात, मग दुरुस्ती करून पुन्हा नव्या पाचांना बसवायचे. आम्ही पाच जण निवडणार, त्यात एक निवृत्तीला आलेले आणि एक नव्याने रुजू झालेली. प्रत्येकाला तीच कामे, दोन्ही सॉफ्टवेअरवर. शेजारी बसणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. हा सगळ्यात कठीण नियम आहे, मदत करायला हात शिवशिवतात. पण ‘अहो, तिकडे नाही, वर’ म्हटले की पाहायची होती ती गोष्ट गेली.

शाळामास्तर | बुधवार, सकाळी ११:००

ही पद्धत मी शाळेत वापरून पाहणार. निकालपत्रके भरताना शिक्षक कुठे थांबतात ते बघतो. प्रशिक्षणाबद्दल माझे मत कायम आहे, पण काय शिकवायचे ते आधी असे बघून ठरवायला हवे, हे मान्य.

सीप्लस | बुधवार, दुपारी ४:३०

साखळीच्या खुणेची मागणी लिब्रेऑफिसच्या बगझिलावर, म्हणजे त्रुटी आणि मागण्या नोंदवायच्या संकेतस्थळावर, इंग्रजीत टाकायला मी मदत करतो. तिथे रचनेच्या प्रश्नांसाठी ‘नीड्स-यूएक्स-इव्हॅल’ हा शब्द जोडतात, मग रचना गट ती चर्चेला घेतो. तशी जुनी नोंद आधीच असेल तर नवी न टाकता तिलाच आपला पुरावा जोडू. पुरावा म्हणजे:

काम काय होते, काय दाबले, काय व्हायला हवे होते, काय झाले. आवृत्तीचा क्रमांक. आणि रायटरची एक छोटी ओडीटी फाइल, ज्यात मराठी आणि रोमन मजकूर एकाच परिच्छेदात आहे. खऱ्या पत्राची नको, नावे-पत्ते काढलेली. ज्यांना देवनागरी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आधीचे आणि नंतरचे चित्र, न वाढलेल्या शब्दांभोवती चौकट काढून.

निळी शाई | बुधवार, सायंकाळी ६:०५

फाइल आणि दोन्ही चित्रे आज रात्री तुम्हाला निरोपातून पाठवते. टाइपरायटर काका, तुमच्या संगणकावरही तोच प्रकार होतो का ते त्याच फाइलवर करून बघाल का? तुमचे विंडोज आणि ऑफिस जुने आहे, तिथलाही पुरावा हवा आहे.

टाइपरायटर | बुधवार, सायंकाळी ६:२०

हो, पाठवा. उद्या सकाळी संस्थेत गेलो की पहिले तेच करतो.